भिमाआबांनी काशीत काय सोडलं

॥ श्री लक्ष्मी-नृसिंह प्रसन्न ॥

माळेगाव बुद्रुक,
सोमवार, दुपार

सौ. दगडाबाई विहीणबाई यांना,

माळेगावहून रंगुबाईचा, मुलीच्या आईनं घालावा तसा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, म्हशीला रेडी झाली की रेडा, आणि आमच्या प्रतिक्षाच्या पायांची सूज उतरली का, हे तिन्ही प्रश्न मी सारख्याच काळजीनं विचारते आहे; मागंपुढं लिहिले गेले असले तर राग मानू नका. इकडं आमच्या ह्यांची तब्येत बरी आहे. कारखान्यातून रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी सकाळी भोंगा झाला की उठून डबा मागतात, आणि आठवण करून दिली की परत झोपतात. शाळेतल्या बाईंनी शिकवलं होतं तसं शुद्ध पत्र लिहायचं मी ठरवलं आहे. मधेच माळेगाव डोकावलं तर सांभाळून घ्या.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण विहीणबाई, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुमच्या ओसरीवर कायम माणसं असतात. मागं मी गुडघ्याला एरंडेल चोळा म्हणाले, तर पलीकडून कुणी पुरुषमाणूस म्हणाला की त्याला त्यानं काही गुण आला नाही. आज जे सांगायचं आहे ते तुमच्याशिवाय कुणाच्या कानी जायचं नाही. पत्र एकटीनं वाचा, आणि बसून वाचा.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत की आमच्या माणसाला काशीला नेऊन तुम्ही केलंत तरी काय. म्हस्कूतात्या यात्रेहून आल्यापासून बोलत नाहीत, ताटावर लक्ष नाही, आणि दिवस कलला की शेजारच्या वांग्याच्या वावराच्या बांधावर जाऊन नुसते उभे राहतात. कसली बाधा झाली का, असं तुम्ही विचारलंत. बाधा नाही. पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय शेवट कळायचा नाही, आणि पहिलं म्हणजे फारच पहिलं आहे.

तुमच्या घराला वांगं वर्ज्य, हे अख्ख्या इंदापूर तालुक्याला ठाऊक आहे. तात्यांचे आजोबा भिमाआबा सत्तर वर्षांमागं काशीला गेले, काशीत आपली आवडती वस्तू सोडायची असते म्हणून त्यांनी वांगं सोडलं, घरी येऊन तेवढं सांगितलं आणि आठ दिवसांत वारले. जाणत्यानं सोडलं ते घरानं सोडलं. तेव्हापासून तीन पिढ्या तुमच्याकडं वांगं कुणी लावलं नाही, आणलं नाही, खाल्लं नाही. आमच्या प्रतिक्षाच्या लग्नात आचाऱ्यानं मिक्स भाजीत चार वांगी चिरून टाकली, तर तुमच्याकडची सत्तर माणसं भरल्या पानावरून उठली, आणि आमचे हे मांडवाचा खांब धरून असे उभे राहिले की मला वाटलं हे काय आता सुटत नाहीत. तो प्रसंग मी विसरलेली नाही. (विसरले असं मी तुम्हाला आजवर तीनदा सांगितलं, तो शिष्टाचार.)

तर यात्रा काढणाऱ्या बारामतीच्या जोतीरामची बस निघाली तेव्हा तुम्ही म्हशीपायी मागं राहिलात आणि स्टँडवर माझा हात धरून म्हणालात, की आमच्या माणसाला सांभाळा. विहीणबाई, सांभाळण्यासारखा माणूस असतो आणि नसतो. तात्यांचं सगळं नरसिंहपूरच्या मापानं. प्रयागला संगमावर लोक डोळे मिटून हात जोडत होते आणि तात्या नावाड्याला सांगत होते, की नीरा-भीमेचा संगम आमच्या दारात हाय, दोन्ही पाणी येगळी वळखू येतात, आन् तितं नावंत बसायची गरज पडत न्हाय. काशी विश्वनाथाच्या रांगेत आम्ही चार तास उभे होतो. अहिल्याबाईंनी देऊळ परत बांधलं म्हणून मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार करते आहे, तर तात्या मागच्या बंगाली बाईला समजावतायत की आमचा नरसिंह कुणाला ताटकळत ठेवत नाही. ती बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. पुढं कळलं की तिला वाटत होतं, हे मंत्र म्हणतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दशाश्वमेध घाटावर जोतीरामनं सगळ्यांना ओळीनं बसवलं. हातावर गंगेचं पाणी घ्यायचं, पंडितजी विचारतील तेव्हा काय सोडणार ते बोलायचं आणि पाणी सोडायचं. बसमध्ये आदल्या दिवसापासून हीच चर्चा. मी फणस सोडला. (माळेगावात फणस येतो कुठून म्हणून हसू नका, माझ्या मनात तो फार आवडता आहे.) आमच्या ह्यांनी सीताफळ सोडलं, आणि पाणी हातातून गेल्यावर त्यांना आठवलं की परसातल्या झाडाला औंदा पहिल्यांदा फळ धरलं आहे. तात्यांनी दोडका ठरवला होता. दोडका त्यांना बघवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, पण पंडिताला कुठं माहीत. अडचण एवढीच, की दोडक्याला हिंदीत काय म्हणतात हे बसमधल्या बेचाळीस माणसांत एकालाही येईना. तात्या म्हणाले, मी खुणेनं दाखवीन.

पंडितजी तात्यांपाशी आले, म्हणाले, क्या त्याग करेंगे. तात्यांनी डाव्या हातानं दोडक्याचा आकार करायला घेतला, आणि नेमका त्याच घटकेला मागून किटलीवाला आला आणि खांद्याशी वाकून म्हणाला, क्या लेंगे बाबूजी. तात्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "चहा."

पंडितजी म्हणाले, चाय, बहुत उत्तम, जल छोड़िए. तात्या दचकले, हात हलला आणि पाणी गेलं.

विहीणबाई, दिवसाला अकरा कप पिणारा माणूस. घरची म्हैस, आपल्या कारखान्याची साखर. त्या एका शब्दानं त्यांचा चेहरा असा झाला की किटलीवाल्यानं आपण होऊन कप पुढं केला आणि तात्यांनी तो परत सारला. बसमध्ये यावर दोन तट पडले. आमचे हे म्हणाले, उत्तर किटलीवाल्याला होतं, पंडिताला नव्हतं, सबब त्याग लागू नाही. पुढच्या सीटवरच्या काटेवाडीच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, पाणी सुटलं की शब्द सुटला. जोतीराम म्हणाला कॉफी घ्या, तर तात्या त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं असं चढलं की कपाळाला माझी ओढणी (प्रवासात थंडीसाठी घेते, एरवी नाही) करकचून बांधून ते काशीच्या गल्लीतनं चालले होते, आणि वाट अडवून बसलेल्या एका बैलाला त्यांनी, तू महादेवाचा असशील पण बसायची रीत नाही, असं मोठ्यानं सुनावलं. बैल उठला. त्यामुळं लोक तात्यांच्या पाया पडायला लागले, आणि डोकं आणखीच चढलं.

कालभैरवाच्या देवळात आम्ही दर्शन घेऊन बाहेर आलो तर तात्या नाहीत. चपला नाहीत. फोन लावला तर तो माझ्याच पिशवीत वाजला. आता मनात काय येतं ते तुम्हाला काय सांगू. व्याही हरवला तर मी माझ्या लेकीला कुठल्या तोंडानं भेटणार होते. हे म्हणाले, पोलिसात जाऊ. एका दुकानदाराला मी रडत रडत विचारलं की एक म्हातारा माणूस बघितला का, डोक्याला गुलाबी ओढणी, तर त्यानं दोन्ही हात जोडले आणि आकाशाकडं बघितलं. काशीत हरवलेल्या म्हाताऱ्याला कुणी शोधत नाही हो, भाग्यवान समजतात.

अडीच तास आम्ही गल्ल्या तुडवल्या. त्या गावात गल्लीत गल्ली आणि तिच्यात देऊळ, देवळाच्या आत कुणाचं तरी स्वयंपाकघर. एका ठिकाणी मी देव समजून नमस्कार केला ते एका घराचं पाण्याचं मीटर निघालं. शेवटी पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरून आवाज आला. आधी आवाज ओळखला, मग माणूस. तात्या एका नावाड्याशी भांडत होते. तो म्हणत होता, इथं पाच नद्यांचा संगम आहे. तात्या म्हणत होते, मला एकच दिसते, बाकीच्या चार दाखव. तो म्हणाला, त्या गुप्त आहेत. तात्या म्हणाले, आमच्याकडं दोनच हायती पण दोन्ही हजर असतात. मी पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. तात्या माझ्याजवळ आले, कपाळाची ओढणी सोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, इहीणबाई, चुकलं माझं, चहाचा वास आला म्हणून त्या वासामागं गेलो, आणि मग परत फिरायला वाट गावली नाही.

त्या नावाड्यालाच आमची दया आली. तो म्हणाला, तुम्ही मराठी आहात तर वर ब्रह्मा घाटाच्या गल्लीत मराठी गुरुजी आहेत, त्यांना विचारा. पिंपळखुटे गुरुजी. त्यांचं घराणं अडीचशे वर्षं काशीत आहे. आपल्या मुलखातल्या गावोगावच्या यात्रेकरूंची नावं त्यांच्याकडं वह्यांत लिहिलेली, कोण आलं, कधी आलं, कुणाचा मुलगा, काय सोडलं. गुरुजींची आई नव्वदीच्या, उंबऱ्यात बसलेल्या. तात्या इंदापूरकडचे म्हटल्यावर म्हणाल्या, "आलात का? बसा हो, दमला असाल." जशी काही सकाळपासून आमचीच वाट बघत होत्या. विहीणबाई, इतक्या लांब येऊन आपली भाषा अशी दारात बसलेली दिसली की काय होतं, ते लिहिता येत नाही.

तात्यांनी बसल्या बसल्या चहाचा खटला मांडला. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मनात काय होतं. तात्या म्हणाले, दोडका. गुरुजी म्हणाले, "मग दोडका सुटला. गंगेला मराठी कळतं, अडीचशे वर्षं ऐकते आहे ती." आतून चहा आला. तात्यांनी पहिला कप दोन्ही हातांत धरला आणि पिण्याआधी कपाळाला लावला. मग तीन कप झाले. तिसऱ्यानंतर आपले तात्या परत आले. कॉलर सरळ केली, मांडी बदलली आणि गुरुजींना म्हणाले, आता जरा आमच्या भिमाआबांचं पान काढा, आमच्या घराण्यानं काय सोडलं ते ह्या माळेगावकरांना दिसू द्या. (लग्नातली मिक्स भाजी तेही विसरले नव्हते.)

लाल फडक्यात बांधलेली वही निघाली. पानं पिवळी, कडा खाल्लेल्या, अक्षर मोडी. गुरुजी बोटानं ओळी खाली नेत होते. तालुका इंदापूर. नरसिंहपूर. भिमा वल्द राणू, सोबत दोघे भाऊबंद. मग बोट थांबलं. गुरुजींनी जरा वेळ घेतला आणि वाचलं:

"त्याग केला: भांग."

तात्या म्हणाले, परत वाचा. गुरुजींनी परत वाचलं. भांग. तात्या म्हणाले, आमच्या आबांनी वांगं सोडलं होतं. म्हाताऱ्या आई उंबऱ्यातनं म्हणाल्या, की सोडायला आधी खावी लागते, आणि काशीत आलेले पुष्कळ आबा खायचे. आता उलगडा झाला तो असा: भिमाआबांच्या तोंडात पुढचे दात नव्हते, घरी येऊन मरणाच्या अंथरुणावर ते म्हणाले भांग, आणि तुमच्या आजेसासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यांनी ऐकलं वांगं. भांग घेणारा नवरा आपल्या घरात असेल असं त्या माउलीच्या मनातही येणं शक्य नव्हतं. ज्या फोटोला तुम्ही रोज फूल घालता, विहीणबाई, तो माणूस रंगेल होता.

मला हसू आवरेना, म्हणून मी तोंडाला पदर लावला. पण तात्यांकडं बघितलं आणि हसू आपोआप गेलं. ते त्या पानाकडं बघत बसले होते. मग अगदी हळू म्हणाले, "सारजाच्या ताटावरनं उठलो व्हतो मी."

हे तुम्हाला माहीत आहे, मला नव्हतं. त्यांची इंदापूरची धाकटी बहीण सारजाआक्का, तिच्या मुलाच्या बारशाला घरात पाहुणे वाढले, भाजी कमी पडली, शेजारनं वांग्याची भाजी आणून वाढली, आणि तात्या भरल्या ताटाला पाय लावून उठून आले. त्यानंतर अकरा वर्षं तिच्या उंबऱ्याला गेले नाहीत. ती राखी पोस्टानं पाठवते.

गुरुजींनी नवीन वही पुढं केली आणि म्हणाले, तुमचं नाव लिहितो, त्याग दोडका. तात्या म्हणाले, मी लिवतो. चष्मा लावला, पेन घेतला, आणि एकेक अक्षर वळवून एवढं मोठं लिहिलं की दोन ओळी खपल्या. मी खांद्यावरनं वाचलं. लिहिलं होतं: "म्हस्कू. दोडका. फक्त मी. घरादाराचा संबंध नाही." आणि खाली सही, कारखान्याच्या कागदावर करतात तशी, दोन रेघा मारून.

परतीच्या वाटेवर तात्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की घरी हे मी सांगंन, तुमी बोलू नका. आज बारा दिवस झाले. तुम्हाला सांगायला ते घाबरतायत, विहीणबाई. पस्तीस वर्षं तुम्ही त्या घरात वांग्याशिवाय काढलीत, आणि तीही आबांच्या भांगेपायी, हे कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणून ते बांधावर जाऊन उभे राहतात. तुम्ही त्यांना ओरडू नका. आणि ते एक दिवस उशिरा घरी आले ते बस पंक्चर झाली म्हणून नव्हे. ते इंदापूरला उतरले. सारजाआक्कांचा मला फोन आला होता, की दादाला काशीत काय झालं. "आला, ओसरीवर बसला, पाणी प्याला, आन् म्हणला, सारजे, वांगं हाय का घरात."

तर हे असं आहे. माझा शब्द मी मोडला, त्याचं पाप माझ्या पदरात. तुमच्या गुडघ्याला जपा, जावई ऋषिराजरावांना आशीर्वाद, प्रतिक्षाला मायेचा हात, म्हशीला वैरण. चूकभूल पोटात घालावी.

तुमची मुलीकडची,
रंगुबाई

ता. क. — मुद्द्याचं राहिलंच. प्रतिक्षाला दुसऱ्या महिन्यापासून भरल्या वांग्याचे डोहाळे आहेत. तुमच्या घरात बोलायची सोय नाही म्हणून पोरगी मला फोन करून नुसती वांग्याबद्दल बोलायची, देठासकट. आता आबांचा अडसर उरला नाही, तेव्हा येत्या रविवारी डोहाळजेवणाला मी माळेगावहून भरल्या वांग्याचं पातेलं आणू का? पत्राचं खरं कारण एवढंच होतं.

ता. क. दुसरा — खोटं बोलून डोहाळे पुरवले असं व्हायला नको, म्हणून लिहिते. वहीतल्या त्या ओळीवर कधीतरी पाणी सांडलं होतं. पहिलं अक्षर पार पुसलेलं, मागं नुसतं "ांग" राहिलं होतं. आमचे हे म्हणाले, रांग असंल, आम्हीबी चार तास हुतो. गुरुजी आधी "वां..." असं काहीतरी म्हणायला लागले होते. तेव्हा मी जरा पुढं सरकून म्हणाले, गुरुजी, भांग तर नव्हे? माझी लेक सातव्या महिन्यात आहे हो. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, आपल्या आईकडं बघितलं, आणि मग वाचलं ते वाचलं. तात्या तेव्हा चौथा कप पीत होते, त्यांचं सगळं लक्ष कपात होतं. हे पाप मात्र मी सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही, कारण सारजाआक्कांचा फोन मी ऐकला आहे.

ता. क. तिसरा — पाकीट चिकटवणार एवढ्यात प्रतिक्षाचा फोन आला. मी पत्राचं सांगितलं तर पोरगी हसायलाच लागली. म्हणाली, आई, सासूबाईंनी शपथ घातली होती म्हणून बोलले नाही, पण तिसऱ्या महिन्यापासून दर शनिवारी मामंजी देवळात नरसिंहाच्या दर्शनाला गेले, की आम्ही दोघी गोठ्यामागं चुलीवर भरीत करतो. आणि सासूबाई म्हणे लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून करतायत. विहीणबाई, पस्तीस वर्षं. मी काशीला जाऊन गुरुजींना खोटं बोलायला लावलं, आणि तुम्ही गोठ्यामागं वांगी भाजताय. एवढी पानं आता फाडवत नाहीत म्हणून पाठवते. पातेलं आणत नाही. तात्यांनी तुम्हाला सांगितलं की तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय असं करा, जमलं तर थोडं रडा, त्यांना बरं वाटेल. आणि रविवारच्या ऐवजी मी शनिवारीच येते. गोठ्यामागं तिसरा पाट मांडा.